फळ्यावरचा ठिपका

माझ्या संगणकाच्या पडद्यावर बरीच वर्षे एकच छायाचित्र ठाण मांडून आहे. जवळजवळ सगळी चौकट काळी. मधोमध एकमेकांवर रोखलेली धातूची दोन अणकुचीदार टोके, त्यांच्यामध्ये जेमतेम दोन मिलिमीटरची फट आणि त्या फटीच्या बरोबर मध्यावर फिकट जांभळट असा एक ठिपका. दिवाळीच्या सुट्टीत राहायला आलेल्या भाचीने रेल्वेचे तिकीट काढण्यासाठी संगणक सुरू केला आणि आधी काय केले, तर ओढणीच्या टोकाने तो ठिपका पुसायला घेतला. जाईना, तेव्हा तिने मला हाक मारली. तो धुळीचा कण नसून स्ट्रॉन्शियमचा एक अणू आहे, ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत डेव्हिड नॅडलिंगर नावाच्या तरुण संशोधकाने निर्वात कक्षाच्या खिडकीतून साध्या डिजिटल कॅमेऱ्याने तो टिपला आणि २०१८ साली ब्रिटनमधल्या विज्ञान-छायाचित्रणाच्या एका स्पर्धेत त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, असे मी तिला सांगितले. ती क्षणभर वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, एकच आहे ना हा? मग हा पुढे काय करणार ते त्यांना नक्की सांगता येत असेल. गर्दी असली की अंदाजच बांधावा लागतो गं, पण हा तर एकटाच आहे." सांगता येत नाही, असे मी म्हणाले. "म्हणजे अजून येत नाही, की कधीच येणार नाही?" एवढे विचारून, उत्तराची वाट न पाहता, ती तिकिटाकडे वळली.

तिला गाडी मिळाली. मला मात्र तो प्रश्न चिकटला.

वरवर भाबड्या वाटणाऱ्या त्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे आणि ते काही तिच्या एकटीचे नाही. अनिश्चितता ही गर्दीची असते, त्यातल्या एकाला बाजूला काढून नीट न्याहाळले की ती उरत नाही, असे आपल्याला आतून वाटत असते. मी ज्या महाविद्यालयात शिकवत असे, तिथल्या प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत मलाही तसेच वाटे. खिडक्यांना काळे पडदे लावलेले असत. सोडियमचा दिवा सुरू केला की चोकची गुणगुण सुरू होई, पहिली काही मिनिटे निऑनचा लालसर उजेड येई आणि मग, आतले सोडियम तापून त्याची वाफ होऊ लागली की, हळूहळू सगळ्या खोलीवर तो विलक्षण पिवळा रंग चढे, ज्यात मुलांचे चेहरे, जर्नलांची कव्हरे आणि कुणाचा लालभडक शर्ट हे सारे पिवळ्या आणि काळ्याच्या छटा होऊन जात. स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावला की ग्रेटिंगमधून फुटून आलेल्या, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या त्या दोन जुळ्या रेषा दिसत. मुले टॉर्च धरून व्हर्नियर वाचत, गणित करत आणि उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळले की खुशीत सही घ्यायला येत. व्हायवाला मी विचारत असे, रेषा का दिसते, आणि मुले न अडखळता सांगत, "मॅडम, इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उडी मारतो म्हणून." ती उडी मी कधी पाहिलेली नव्हती, मुलांनी तर नाहीच. दिव्यात इतके अणू असतात की एका क्षणात कोट्यवधी उड्या चाललेल्या असतात आणि आपल्या डोळ्यांपर्यंत येतो तो त्या सगळ्यांच्या बेरजेचा सपाट, अखंड उजेड. उडीवरचा आमचा विश्वास सरासरीच्या भरवशावर उभा होता.

त्या विश्वासाला क्वांटम सिद्धांताच्या, म्हणजे अणूंच्या जगाच्या नियमांच्या, एका जनकाची, खुद्द श्रोडिंगरची मान्यता नव्हती, हे मुलांना सांगण्याचे मी बहुधा टाळत असे, कारण परीक्षा तोंडावर असे. १९२६ साली तो कोपनहेगनला, उडीची कल्पना मांडणाऱ्या बोरच्या घरी उतरला होता. वाद इतका रंगला की श्रोडिंगर तापाने अंथरुणाला खिळला, बोरची पत्नी त्याची शुश्रूषा करत होती आणि बोर मात्र पलंगाच्या कडेला बसून आपला मुद्दा रेटतच होता, असे हायझेनबर्गने लिहून ठेवले आहे. ही मेली क्वांटम उडी जर कायमची राहणार असेल, तर या विषयाशी आपला संबंध आला याचेच वाईट वाटते, अशा अर्थाचे श्रोडिंगर तेव्हा वैतागून बोलला होता. पुढे १९५२ साली त्याने 'क्वांटम उड्या असतात का?' या शीर्षकाचा एक निबंधच लिहिला. त्यात त्याचा दावा असा होता की आपण एका इलेक्ट्रॉनवर किंवा एका अणूवर प्रयोग कधीच करत नाही. मनातल्या प्रयोगांत आपण तसे धरून चालतो आणि म्हणून हास्यास्पद निष्कर्षांवर जाऊन आदळतो. प्राणिसंग्रहालयात इक्थिओसॉर, म्हणजे केव्हाच नामशेष झालेले सागरी सरपटणारे प्राणी, वाढवणे जितके शक्य, तितकेच एकट्या कणावर प्रयोग करणे शक्य, असा टोलाही त्याने लगावला. मेघकक्षात एकेका कणाचा माग उमटतो हे त्याला ठाऊक होतेच, पण घटना होऊन गेल्यावर तिच्या खुणा तपासणे म्हणजे जीवाश्म पाहणे, जिवंत प्राणी पाळणे नव्हे, असे त्याचे म्हणणे. मला हा युक्तिवाद हेकटपणाचा कधीच वाटला नाही. तेव्हा हाताशी असलेला पुरावा खरोखरच एक तर गर्दीचा होता, नाही तर मागाहून सापडलेल्या खुणांचा. सिद्धांत एकेका अणूबद्दल बोलत होता आणि साक्ष मात्र जमावाची निघत होती.

साधारण त्याच सुमारास, युद्धाने विस्कटलेल्या जर्मनीत गॉटिंगेनच्या एका वर्गात रिशार्ड बेकर हे प्राध्यापक विद्युत आणि चुंबकत्व शिकवत होते. त्यांनी खडूने फळ्यावर एक ठिपका काढला आणि म्हणाले, "इथे एक इलेक्ट्रॉन आहे." असले ठिपके मीही शेकड्यांनी काढले आहेत, ते डस्टरने पुसले आहेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले आहेत. त्या वर्गात बसलेल्या हान्स डेमेल्टच्या मनातून मात्र तो ठिपका पुसला गेला नाही. स्थिर इलेक्ट्रॉनचा तरंग विश्वभर पसरलेला असतो असे एकीकडे शिकायचे आणि दुसरीकडे सर बिनदिक्कत तो फळ्यावर एका जागी ठेवतात, तर प्रयोगशाळेत तो खरोखर असा एका जागी कसा ठेवता येईल, हा प्रश्न त्याने आयुष्यभर जोपासला.

अडचण साधी नव्हती. केवळ स्थिर विद्युतक्षेत्राने भारित कण पोकळीत अडकवून ठेवता येत नाही, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. एका दिशेने धरून ठेवणारे क्षेत्र दुसऱ्या दिशेने त्याला बाहेर ढकलतेच. खोगिराच्या मध्यावर गोटी ठेवली तर पुढे-मागे ती सावरली जाते आणि बाजूंनी मात्र घरंगळून जाते. बॉन विद्यापीठात वोल्फगांग पॉलने पन्नाशीच्या दशकात यावर तोड काढली: खोगीरच गोल फिरवायचे, म्हणजे गोटी घरंगळायच्या आत उताराची जागा चढाने घेतलेली असते. विद्युतक्षेत्राची दिशा सेकंदाला लाखो वेळा उलटीसुलटी केली की आयन, म्हणजे एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतलेला अणू, मध्यावर जखडून राहतो. माझ्या पडद्यावरची ती दोन टोके म्हणजे अशाच सापळ्याचा भाग. मग लेझरचा रंग अणूच्या पसंतीहून किंचित तांबड्या बाजूला ठेवून त्याची थरथर काढून घ्यायची आणि त्याला निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत निववायचे. अमेरिकेत सिअ‍ॅटलला गेलेल्या डेमेल्टने १९७३ साली एकच इलेक्ट्रॉन पकडून दाखवला आणि १९८० साली हायडेलबर्गमध्ये, पेटर टोशेकच्या गटाबरोबर, बेरियमच्या एका आयनाचे छायाचित्र निघाले. निळसर ठिपका. डेमेल्टने अशा एका आयनाचे नाव ठेवले आस्ट्रिड. पुढे तीन महिने सापळ्यात राहिलेल्या एका पॉझिट्रॉनला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित जुळ्याला, त्याने प्रिसिला म्हटले. एका जातीचे सगळे कण एकमेकांहून वेगळे ओळखूच येत नाहीत, असे सांगणाऱ्या शास्त्रातला माणूस एका कणाला पाळीव जनावरासारखे नाव देतो, यात मला थोडी खोडीही दिसते आणि ते नाव थेट श्रोडिंगरला उद्देशून आहे असेही वाटते. पॉल आणि डेमेल्ट यांना १९८९ सालचे नोबेल मिळाले, पण श्रोडिंगर त्याआधी अठ्ठावीस वर्षांपूर्वीच निवर्तला होता.

खरी साक्ष निघाली ती १९८६ साली.

बेरियमच्या आयनावर निळसर लेझर सोडला की त्याचा इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवरून वर जातो आणि लगेच परत येतो. सेकंदाला कोटीच्या घरात अशा येरझारा होतात आणि दर येरझारीला एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, बाहेर पडतो. त्यांतले बहुसंख्य भलत्याच दिशांना निघून जातात, तरी भिंगांतून सेकंदाला काही हजार हाती लागतात आणि ठिपका दिसतो. या आयनाला आणखी एक पातळी असते. तिथे इलेक्ट्रॉन पोचला तर सरासरीने अर्धा मिनिट अडकून पडतो आणि तेवढा वेळ येरझारा बंद. डेमेल्टची कल्पना अशी की एका मंद दिव्याने अधूनमधून एखादा फोटॉन असा द्यायचा की त्यामुळे इलेक्ट्रॉन त्या पातळीवर जाऊन बसावा. एका फोटॉनची ती घटना स्वतः कुणालाही दिसणार नाही, पण तिच्यामुळे कोट्यवधी फोटॉनांचा झरा बंद पडेल आणि ते सहज दिसेल. सिअ‍ॅटलला आणि हॅम्बुर्गला बेरियमवर, अमेरिकेतल्याच बोल्डरला पाऱ्यावर, अशा तीन ठिकाणी एकाच वर्षी हा प्रयोग झाला आणि तिन्ही ठिकाणी तेच घडले. ठिपका तेवत असतो, एकाएकी विझतो, काही वेळ काळोख आणि एकाएकी पुन्हा पेटतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधीव खंडाच्या पिवळट पानावर त्याचा आलेख मी प्रथम पाहिला, तेव्हा बराच वेळ बोट फिरवत राहिले. वरच्या अंगाला किंचित दातेरी रेघ, मग कड्यावरून पडावी तशी उभी घसरण, तळाशी सपाट पट्टी, पुन्हा उभी चढण. पट्ट्यांच्या लांबीत कसलाही ताल नाही. एक नखाएवढी, तर शेजारची बोटभर. शेकडो अणू असते, तर काही विझलेले आणि काही पेटलेले राहून आलेख मधल्या उंचीवर सपाट झाला असता. एकटा असल्यामुळेच त्याला अधेमधे थांबायची सोय नव्हती.

कड्याला उतार मुळीच नसतो असे मात्र नाही. येल विद्यापीठात २०१९ साली अतिसंवाहक मंडलाच्या कृत्रिम अणूवर केलेल्या प्रयोगात, एकदा उडी सुरू झाली की तिचा पुढचा प्रवास सलग असतो आणि ती मध्येच अडवून उलट फिरवताही येते, हे दिसले. श्रोडिंगरला यातून थोडे समाधान मिळाले असते. पण उडी सुरू केव्हा होणार, हे तिथेही आधी कळत नाही.

भाचीच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. विमा कंपनीला पन्नाशीच्या हजार माणसांपैकी वर्षभरात किती दगावतील याचा बऱ्यापैकी अंदाज असतो, अमुक एक गृहस्थ कधी जातील हे मात्र तिला सांगता येत नाही. तरीही त्या गृहस्थांच्या बाबतीत काहीतरी कारण असते: साखर असते, रक्तवाहिनीत अडथळा असतो, घाट उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक खराब असतात. कारण आहे, आपल्याला ठाऊक नाही, एवढाच त्या अज्ञानाचा अर्थ. आस्ट्रिडची गोष्ट निराळी आहे, असे रूढ क्वांटम सिद्धांत म्हणतो. ती आत्ताच का विझली आणि दहा सेकंदांनी का नाही, याचे तिच्या पोटात कुठे कारणच नाही. आईन्स्टाईनला हे पटले नाही, आणि खरे सांगायचे तर रात्री दिवा मालवल्यावर मलाही पटत नाही. म्हणूनच एकेका अणूवरचे पुढचे प्रयोग मला उलटतपासणीसारखे वाटतात. साक्षीदार एकटा सापडला आहे. आता त्याने पोटात काही दडवले आहे का, हे खोदून विचारायचे.

यातला एक धागा मुंबईतून जातो. पन्नाशीच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्था अजून कुलाब्याच्या टोकाला गेलेली नव्हती, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तिथे काही वर्षे काम करून अमेरिकेला गेलेले ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९७७ साली बैद्यनाथ मिश्र यांच्याबरोबर टेक्सास विद्यापीठातून एक निबंध लिहिला. अस्थिर अवस्थेतल्या कणाकडे सतत पाहत राहिलात तर तो क्षय पावणारच नाही, असे गणित त्यांनी मांडले आणि बाण कधी हलतच नाही असे सिद्ध करू पाहणाऱ्या ग्रीक झीनोचे नाव त्या परिणामाला दिले. १९९० साली बोल्डरच्या प्रयोगशाळेने बेरिलियमच्या सुमारे ५,००० आयनांवर तो तपासला. रेडिओलहरींच्या २५६ मिलिसेकंदांच्या झोताने सगळे आयन एका पातळीवरून दुसरीवर जायला हवेत. पण तेवढ्या वेळात लेझरचे ६४ झोत टाकून मध्ये मध्ये 'कुठे आहात' असे विचारले, तर जवळजवळ सगळे मूळ पातळीवरच राहिले. लगेच वाद सुरू झाला. पाहण्यामुळे थांबले, की लेझरच्या धक्क्यांनी सगळ्यांची मिळून लय बिघडली? ५,००० आयनांची सरासरी हा संशय फेडू शकत नव्हती, कारण प्रत्येक विचारणेला कुणी काय उत्तर दिले याची नोंदच नव्हती. हॅम्बुर्गला टोशेकच्या गटाने पुढे इटर्बियमच्या एकाच आयनावर हा प्रयोग केला. प्रत्येक वेळी त्याचे उत्तर टिपले आणि एकामागोमाग किती वेळा 'अजून इथेच' असे उत्तर आले ते मोजले. रांगा गणिताने सांगितल्याप्रमाणे लांब निघाल्या. एकट्या अणूने काय साधते, हे मला या प्रयोगाइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसले नाही. गर्दीच्या प्रयोगाने निष्कर्ष तोच दिला होता, पण तो कसा आला ते सांगितले नव्हते.

दुसरी उलटतपासणी याहून कडक आहे. कोखेन आणि श्पेकर यांनी १९६७ साली दाखवले की अणूकडे आपल्या सगळ्या संभाव्य प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून तयार असतात आणि सोबत आणखी कोणता प्रश्न विचारला यावर ती अवलंबून नसतात, असे धरले, तर ती उत्तरे एकमेकांशी जुळवणे गणितानेच अशक्य होते. इन्सब्रुकला २००९ साली कॅल्शियमच्या दोन आयनांवर हे तपासले गेले: उत्तरे आधी लिहिलेली असतील तर एक बेरीज ४ च्या वर जाता कामा नये, ती ५.४६ आली. त्याहून मला रमवतो तो झुरिकचा, २०१८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. तिथे कॅल्शियमचा एकच आयन घेतला. १३ वेगवेगळ्या मोजमापांपैकी पुढचे कोणते करायचे ते यादृच्छिक आकडे देणारे एक क्वांटम यंत्रच प्रत्येक वेळी, ५० मायक्रोसेकंदांच्या आत, ठरवत होते. अशी ५ कोटी ३० लाख मोजमापे त्यांनी एकाला एक जोडून केली. प्रयोग संपला की नवा अणू आणून पाटी कोरी करायची, ही मुभाच त्यांनी स्वतःला घेतली नाही. एकच साक्षीदार, प्रश्नांची न संपणारी सरबत्ती, पुढचा प्रश्न कोणता ते विचारणाऱ्यालाही ठाऊक नाही, आणि तरीही आधीपासून लिहिलेल्या उत्तरांनी जी मर्यादा पाळायला हवी ती त्याने निःसंशय ओलांडली.

बेलच्या कसोटीबद्दल, म्हणजे दोन कणांची उत्तरे आपापल्या जागी आधीच ठरलेली असतील तर त्यांच्या मेळाचा आकडा २ च्या वर जाता कामा नये या अटीबद्दल, २०२२ च्या नोबेलनंतर इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात उरकते. बोल्डरला २००१ साली सापळ्यातल्या दोन बेरिलियम आयनांनी २ ची मर्यादा ओलांडून २.२५ असे उत्तर दिले आणि एकही जोडी मोजायची राहिली नाही, ही त्या प्रयोगाची मातब्बरी. पण दोघे एकमेकांना इतके चिकटून होते की त्यांच्यात काही कुजबुज झाली नाही असे कुणी म्हणू शकत नव्हते. म्युनिचमध्ये हारल्ड वाइनफुर्टरच्या गटाने रुबिडियमचे दोन एकटे अणू ३९८ मीटर अंतरावरच्या दोन इमारतींत ठेवले. हे अंतर कापायला प्रकाशालाही एक मायक्रोसेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि दोन्हीकडची मोजमापे त्याच्या आत उरकलेली होती. २०१७ साली उत्तर आले २.२२१. विद्यार्थी ये-जा करत असतील, खाली कुठे सायकली लावलेल्या असतील, आणि दोन इमारतींतले दोन अणू, ज्यांना आपसात ठरवायला सवडच नव्हती, एकमेकांना धरून उत्तरे देत होते.

तरीही "कधीच नाही" असे भाचीला छातीठोकपणे सांगता येत नाही. श्रोडिंगरचा तो निबंध आला त्याच १९५२ साली डेव्हिड बोमने एक पर्याय मांडला होता. त्यात प्रत्येक कणाला निश्चित जागा आणि निश्चित मार्ग असतो, उडीलाही कारण असते. मात्र ते कारण विश्वभर पसरलेले असते आणि आपल्या हाती कधी लागत नाही. वर सांगितलेल्या प्रत्येक प्रयोगात बोमची उत्तरे रूढ सिद्धांताशी तंतोतंत जुळतात. साक्षीदाराने स्वतःच्या खिशात काही दडवलेले नाही, इतके सिद्ध झाले आहे. सगळ्या गावालाच ते आतून ठाऊक आहे की नाही, हे सिद्ध झालेले नाही. मला हा पर्याय थोडा महागडा वाटतो, पण तो अशक्य नाही, आणि वर्गात मी तो कधीच शिकवला नाही हे अभ्यासक्रमाचे दुर्दैव.

आणखी एक मर्यादा मला उशिरा उमजली. बोल्डरला डेव्हिड वाइनलँडच्या गटाने १९९६ साली बेरिलियमचा एकच आयन एकाच वेळी दोन जागी असलेल्या अवस्थेत ठेवला. दोन जागांतले अंतर ८० नॅनोमीटरपर्यंत नेले, आणि तरंगाची प्रत्येक पुडी होती जेमतेम ७ नॅनोमीटरची, म्हणजे दोन्ही जागा एकमेकींपासून चांगल्या सुट्या होत्या. अशा अवस्था आपल्या जगात का दिसत नाहीत, याचे एक उत्तर गिरार्दी, रिमिनी आणि वेबर या तिघांनी १९८६ साली सुचवले होते: प्रत्येक कण आपला आपण कधीतरी एका जागी कोसळतो. पण त्यांच्या हिशोबात एका कणाला असे कोसळायला सरासरी ३० कोटी वर्षे लागतात. टेबलाखुर्चीत इतके कण असतात की कोसळणे तत्काळ होते. एकट्या अणूकडे डोळे लावून बसणाऱ्याला मात्र काहीच दिसणार नाही. म्हणजे गर्दीतून एकाला वेगळा काढण्यात जी शक्ती होती, तीच इथे उणीव ठरते. म्हणून आता उलटा प्रवास सुरू झाला आहे. व्हिएन्नामध्ये २०१९ साली सुमारे २,००० अणूंच्या रेणूंनी तरंगासारखी व्यतिकरणाची नक्षी दाखवली आणि त्याहून जड वस्तूंची तयारी चालू आहे. सिद्धांत अजून एकदाही नापास झालेला नाही. प्रयोग करणाऱ्यांशी बोलताना मला जाणवले आहे की तो पास झाल्याचे त्यांना समाधान असते आणि पुन्हा पासच झाला याची मनात बारीकशी हुरहूरही असते.

इकडे एकट्या आयनाला दुसरी नोकरी लागली आहे. इटर्बियमच्या आयनात अशी एक पातळी आहे की तिथे गेलेला इलेक्ट्रॉन सरासरी दीड वर्षाहून अधिक काळ थांबतो. इतकी दीर्घायुषी पातळी म्हणजे अतिशय अणकुचीदार वारंवारता, आणि म्हणून उत्तम घड्याळ. आपल्या पुण्यात, आयुकामध्येही इटर्बियमच्या आयनावर चालणारे घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे. अशा घड्याळात प्रत्येक फेरीत आयनाला लेझरचा एक झोत द्यायचा आणि डेमेल्टच्या युक्तीने विचारायचे: तेवतो आहेस की विझलास? लेझरचा रंग मुद्दाम असा ठेवतात की दोन्ही उत्तरांची शक्यता जवळजवळ निम्मी-निम्मी राहावी, कारण रंग किंचित सरकला तर उत्तरांचे प्रमाण तिथेच सर्वांत लवकर बदलते. एका फेरीचे उत्तर कुणालाच आधी सांगता येत नाही, लेझर कितीही निर्दोष असला तरी. अनेक फेऱ्यांनंतर त्या होकार-नकारांची सरासरी घेतात आणि लेझर दुरुस्त करतात. सरासरी पुन्हा आली, पण ती माझ्या सोडियमच्या दिव्यातल्या जमावाची नव्हे, एकानेच पुनःपुन्हा दिलेल्या उत्तरांची. त्यातला चढउतार लेझर सुधारून जात नाही, फेऱ्या वाढवल्या की तेवढा आटोक्यात येतो, आणि घड्याळ बांधणारे लोक तो हिशोबात एका ओळीवर लिहून टाकतात. हे आयन आणि लेझरच्या जाळ्यात धरलेले त्यांचे काही भाऊबंद यांच्या आधारे सेकंदाची नवी व्याख्या करण्याची तयारी जगभरच्या मापनसंस्थांनी चालवली आहे, आणि त्यांच्या बैठकांत आयन नेमका केव्हा आणि का विझतो, हा विषय कामकाजात नसतो.